व्हॅलेटा: तटबंदीचे शहर पाण्याच्या बाजूने कसे पाहावे

माल्टाची राजधानी व्हॅलेटा पाहायला येणारे बहुतेक प्रवासी ट्रायटन कारंज्याजवळच्या बसस्थानकावर उतरतात, खंदकावरचा पूल ओलांडून मुख्य रस्त्याला लागतात आणि दुपारपर्यंत परततात. एवढ्याने चर्च आणि चौक पाहून होतात, पण शहर कळत नाही. व्हॅलेटा हा आधी किल्ला आहे, आणि तो ज्या युद्धामुळे बांधला गेला ते युद्ध समोरच्या काठावर झाले. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पहिल्या सकाळी व्हॅलेटात शिरूच नये. ग्रँड हार्बर या बंदराच्या पलीकडच्या बाजूला, बिरगूला जावे. शक्य असेल तर पहिला मुक्कामच तिथे करावा, म्हणजे विमानतळावरून सामानासह थेट तिकडे जाता येते.

बिरगू, सेंग्लेआ आणि बोर्मला या तीन जुन्या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. ऱ्होड्स बेट १५२२ साली ऑटोमन तुर्कांच्या हाती गेल्यावर तिथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाला, १५३० मध्ये माल्टा मिळाले आणि त्यांनी बिरगूला आपले ठाणे केले. त्या वेळी समोरचा शिबेरास हा डोंगराचा दांडा जवळजवळ उघडा होता. त्याच्या टोकाला फक्त सेंट एल्मो हा चांदणीच्या आकाराचा छोटा किल्ला होता. मे १५६५ मध्ये ऑटोमन सैन्य उतरले, तेव्हा त्याने प्रथम सेंट एल्मोवर तोफा लावल्या. काही दिवसांत पडेल असे वाटणारा तो किल्ला महिनाभर झुंजला आणि २३ जूनला पडला. पुढे बिरगू आणि सेंग्लेआ सप्टेंबरपर्यंत टिकून राहिले आणि वेढा उठला. मात्र त्या दांड्यावरून शत्रूच्या तोफा बिरगूत मारा करू शकतात, हे सरदारांनी वेढ्यात सोसले होते. म्हणूनच त्यांचा प्रमुख जाँ दे ला व्हालेत याने २८ मार्च १५६६ रोजी त्याच दांड्यावर नव्या शहराची कोनशिला बसवली.

हे डोळ्यांनी पडताळून पाहण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे सेंग्लेआच्या टोकावरची छोटी बाग. तिथल्या तटाच्या कोपऱ्यावर दगडी पहारा-मनोरा आहे आणि त्यावर एक डोळा व एक कान कोरलेला आहे. मनोऱ्याशेजारी उभे राहून समोर पाहिले की व्हॅलेटाची पूर्ण लांबी एका नजरेत येते. उजव्या टोकाला बंदराच्या तोंडाशी सेंट एल्मो दिसतो आणि डावीकडे शहर मुख्य भूमीला जोडलेले दिसते. बंदराचे तोंड या दांड्याच्या माऱ्यात कसे येते, हे तिथे पाच मिनिटे शांतपणे उभे राहिल्यावर आपोआप लक्षात येते. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येत असल्यामुळे समोरचा दगड मधाच्या रंगाचा दिसतो.

त्यानंतर होडीने पलीकडे जावे. नियमित फेरी बोट आहेच, पण एकदा तरी दायसा या पारंपरिक होडीत बसावे. तिचा नावाडी उभा राहून, पुढे तोंड करून वल्ही मारतो. पाण्याच्या पातळीवरून तट पाहताना त्याची उंची खऱ्या अर्थाने जाणवते. शहराचा आराखडा पोपने पाठवलेल्या फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याचा, आणि तो माल्टा सोडून गेल्यावर काम पुढे नेले जिरोलामो कॅसार या माल्टाच्याच वास्तुविशारदाने. आपल्याकडचे गोल बुरूज पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला इथले बुरूज वेगळे वाटतील, कारण ते कोनाकृती आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शेजारच्या बुरुजावरून मारा न पोचणारी थोडी जागा उरते; कोनाकृती बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात राहते. वसईच्या किल्ल्याचे बाणाच्या टोकासारखे बुरूज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही घडण ओळखीची वाटेल, कारण पोर्तुगीजांनी तिथे हीच युरोपीय पद्धत वापरली होती.

धक्क्यावरून वर जाण्यासाठी ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. ती २०१२ पासून चालू आहे आणि थेट अप्पर बराक्का बागेत पोचवते. तिथे दुपारी बाराच्या आधी किमान वीस मिनिटे पोचावे. कमानींच्या खालच्या सज्जावर तोफा ओळीने मांडलेल्या आहेत, आणि जुन्या ब्रिटिश तोफखान्याच्या गणवेशातले तोफची बारा वाजता एक तोफ उडवतात. हाच कार्यक्रम चार वाजताही होतो. आधी पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडतो, मग आवाज छातीवर आदळतो, आणि क्षणभराने तोच आवाज बिरगूच्या तटावरून परत येतो. सकाळी आपण ज्या काठावर उभे होतो तिथून आलेला तो प्रतिध्वनी ऐकल्यावर बंदराची रुंदी कानांनी मोजल्यासारखी वाटते. एकेकाळी नांगरलेल्या जहाजांचे कप्तान या आवाजावर आपली घड्याळे लावत असत. लहान मुले बरोबर असतील तर त्यांचे कान झाकावेत.

दुपारचे ऊन सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काढावे. रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे दिवस आधीच ठरवावा. खांदे झाकणारे कपडे घालावेत, आणि टोकदार टाचांची पादत्राणे टाळावीत, कारण ती घालून आत जाऊ देत नाहीत. कारण पायांखालीच आहे: संपूर्ण जमीन म्हणजे रंगीत संगमरवराच्या जडावाच्या सुमारे ४०० समाधिशिला आहेत. बाहेरून हे चर्च कॅसारच्या हातचे, लष्करी इमारतीसारखे साधे आहे. आतली छतावरची चित्रे मातिया प्रेती याने १६६० च्या दशकात रंगवली. पण घाई असेल तरी प्रार्थनादालनातले कॅराव्हॅजोचे १६०८ सालचे चित्र सोडू नये. रोममध्ये हातून खून घडल्यावर परागंदा झालेला हा चित्रकार माल्टाला आला आणि सरदारांच्या संघात सामील झाला. पुढे काही महिन्यांतच त्याला कैद झाली. बिरगूच्या सेंट अँजेलो किल्ल्यातून तो निसटला आणि संघाने याच दालनात त्याला बडतर्फ केले. संत जॉनच्या शिरच्छेदाच्या या भव्य चित्रात मानेतून जमिनीवर ओघळलेल्या रक्तातच त्याने आपले नाव लिहिले आहे. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र आहे. दोरीपाशी उभे राहून खालच्या भागाकडे नजर स्थिर ठेवली की अक्षरे दिसतात.

रस्त्यांवर फिरताना नकाशाची फारशी गरज पडत नाही, कारण हे शहर सरळ रेषांच्या जाळ्यावर आखलेले आहे. रस्त्यांतून समुद्राचा वारा खेळावा हा त्यामागचा एक हेतू होता. प्रत्येक घराला पावसाचे पाणी साठवण्याची विहीर असलीच पाहिजे, असा नियम सुरुवातीलाच केला होता. वेढा सोसलेल्या माणसांनी केलेली ही तजवीज आहे. बांधकामाचा दगड येथील मऊ चुनखडीचा आहे. समुद्राकडच्या भिंतींवर खाऱ्या वाऱ्याने त्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडलेली दिसतात. त्यावर बोट घासू नये, कारण दगडाचे कण सुटून येतात. वर पाहिले की रंगीत लाकडी बंद सज्जे दिसतात, आणि रस्त्यांच्या पाट्यांवर माल्टी भाषा दिसते. ही भाषा अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाते. पुस्तकाला ‘क्तिएब’ आणि जगाला ‘दिन्या’ म्हणतात हे कळल्यावर आपल्या किताब आणि दुनिया या शब्दांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

शेवटी सेंट एल्मोला जावे, आणि त्यासाठी किमान दोन तास ठेवावेत. आतल्या युद्धसंग्रहालयात १५६५ च्या वेढ्याबरोबर दुसऱ्या महायुद्धाचीही हकिगत आहे. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिश राजाने संपूर्ण बेटाला दिलेले जॉर्ज क्रॉस पदक तिथे ठेवलेले आहे. त्याच महिन्यात बॉम्बहल्ल्यात पडलेल्या ऑपेरागृहाचे अवशेष शहराच्या प्रवेशद्वाराजवळ अजून उभे आहेत.

आता तयारीविषयी थोडेसे. भारतीय पारपत्रावर शेंजेन व्हिसा लागतो आणि चलन युरो आहे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, मात्र विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे असल्यामुळे वेगळा प्लग न्यावा लागतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये दगडी रस्ते तापतात, सावली कमी असते. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ निवडावा. व्हॅलेटात मुक्काम करणार असाल तर घर पायऱ्यांच्या रस्त्यावर आहे का, हे खोली ठरवण्याआधी विचारावे, कारण अनेक रस्ते म्हणजे लांबलचक जिनेच आहेत. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही: पास्तित्सी नावाची पापुद्र्यांची गरम करंजी रिकोटा चीज किंवा मटार भरून मिळते, मात्र त्यात चरबी वापरली आहे का, हे विचारून घ्यावे. फ्तिरा हा भरलेला पाव मागताना त्यात ट्यूना मासा नको, असे स्पष्ट सांगावे.

संध्याकाळी बिरगूला परतायचे असेल तर शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच धक्क्यावर पाहून ठेवावी, कारण ऋतूनुसार ती बदलते. बोट चुकली तर संपूर्ण बंदराला वळसा घालून बसने जावे लागते, आणि दिवे लागल्यानंतर पाण्यातून मागे सरकणारी तटबंदी पाहायची राहून जाते.