राखणीची बंदूक: या चुका टाळा

भात पोटरीला आलं की आमच्या वाडीत डुकरं उतरतात आणि वर्षभर खुंटीला लटकलेल्या बंदुका खाली येतात. मग तेच घोटाळे, दरवर्षी.

पहिला आणि माझ्या डोक्यात जाणारा घोटाळा म्हणजे घरी भरलेली काडतुसं. नवं काडतूस महाग, म्हणून रिकाम्या नळकांड्या कुणाकडून तरी पुन्हा भरून आणायच्या. आपला परवाना बंदुकीचा असतो, काडतुसं बनवण्याचा नाही, हे एक. दुसरं, कोकणातल्या पावसात पापड सादळतो तिथे दारूचं काय?

चार वर्षांपूर्वी आश्विनात शेजारच्या पोरासोबत शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसलो होतो. त्याच्याकडे एकनळी बारा बोर आणि असलीच सहा काडतुसं. डुकरांना बिचकवायला त्याने समोरच्या मातीच्या दरडीवर बार टाकला. आवाज आला तो भिजलेल्या लवंगीसारखा, फुस्स. धक्का नाही, काही नाही. पोराने नळी बिजागरीवर मोडून उघडली, रिकामं नळकांडं काढलं आणि दुसरं काडतूस आत सरकवायला निघाला.

"रव रे, रव!" मी हात धरला.

"काका, दारू सादळली आसतली. दुसरा घालतंय."

बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून मागच्या बाजूने नळीत टॉर्च मारला. दुसऱ्या टोकाला उजेड दिसेना. काडतुसातलं बुच आणि छर्रे नळीच्या मध्यावरच अडकले होते. ओल्या दारूला ते बाहेर ढकलण्याइतका जोर नव्हता. त्यामागून चांगलं काडतूस उडालं असतं तर नळी फाटली असती, आणि पोराचा डावा हात तिथेच होता. मी त्या रात्री पुन्हा झोपलो नाही. तो घोरत होता.

आवाज कमी आला की थांबायचं, नळी आरपार बघायची. चाप ओढला आणि नुसतं टक्‌ झालं तरी बंदूक लगेच उघडू नका, बार उशिराही उडतो. तोंड मोकळ्या मातीकडे ठेवून तीस सेकंद थांबा म्हणतात, मी साठ मोजतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बंदूक काढताना तर नळी बघाच. कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला याहून चांगली जागा मिळत नाही.

आजोबांच्या वेळच्या बंदुकांचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बरेचदा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० चं काडतूस त्यात बसतं, म्हणून लोक फसतात. ती लांबी उडाल्यानंतरची असते. काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला पुढे जागा राहत नाही आणि दाब वाढतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा.

बंदुकीला तेल खोबरेल नको. पौषात बाटलीत थिजतं तसं बंदुकीच्या घोड्याच्या सांध्यातही थिजतं.

मुंबईहून आलेला कुणी ना कुणी विचारतोच, ३१५ ची रायफल घेतली तर? तिची गोळी किलोमीटरभर सहज जाते. आपल्याकडे तेवढ्यात दोन वाड्या आणि एक शाळा येते. बारा बोरच्या एलजी काडतुसाचे मोठे छर्रेसुद्धा काही शे मीटर जातात आणि जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटून कुठेही उडतात. म्हणून मी उंचावरून खाली, मातीकडेच धरतो.

आणि खसफस ऐकून बार टाकणारे. काजूच्या बागेत रात्री डुकरासारखं हलणारं दुसरंही बरंच काही असतं: गवा, शेजाऱ्याचा रेडा, खुद्द शेजारी. डुक्कर समजून माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. पूर्ण जनावर टॉर्चमध्ये दिसल्याशिवाय माझं बोट चापावर जात नाही. त्यात चार डुकरं निसटली तर निसटली. "काका, तुमचा हात जड झाला" म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो, बंदूक देत नाही.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी, हाही एक आवडता गैरसमज. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डुक्कर मारायलाही वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. वानर-माकडांवर बंदूक रोखूच नका. एलजीने हापूसच्या फांद्या तुटतात, वानर पुढच्या कलमावर जाऊन बसतं.

निवडणूक लागली की बंदूक बरेचदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत येते तेव्हा गंजाची पुटं चढलेली असतात, म्हणून देण्याआधीच नळीला तेलाचा हात द्या आणि परत आल्यावर पहिल्या बाराआधी तो कोरडा पुसा. पावतीवर पट्ट्याचीही नोंद करून घ्या. माझा पट्टा मागच्या निवडणुकीला गेला तो अजून आलेला नाही.