साइट ब्लॉक झाली? कॉपीराइटच्या तक्रारीनंतर या चुका टाळा

एखाद्या सकाळी वाचकाचा मेसेज येतो, "तुमची साइट उघडत नाही. सरकारी आदेशानं बंद केल्याचं लिहून येतंय." जुनी मासिकं स्कॅन करून ठेवणारे, लोकगीतांची ध्वनिमुद्रणं जमवणारे, चित्रपटांवर लिहिणारे असे कितीतरी मराठी लोक पदरमोड करून साइट चालवतात. असा मेसेज आला की त्यांचे हातपाय गळतात, आणि नेमक्या पहिल्या दोन दिवसांत प्रकरण बिघडतं. अशा काही जणांना मी मदत केली आहे. चुका जवळपास सगळ्यांच्या त्याच असतात.

बंद कोणी केली, ते न पाहता धावाधाव

आधी घरच्या ब्रॉडबँडवर उघडून पाहा, मग दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर, आणि परदेशात कोणी नातेवाईक असेल तर त्यालाही उघडायला सांगा. तिकडे दिसते आणि इथे दिसत नाही, तर बहुधा भारतातल्या इंटरनेट कंपन्यांनी अडवली आहे. इथल्या एका कंपनीवर दिसते, दुसरीवर नाही, असंही होतं. सगळ्या कंपन्या एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं अडवत नाहीत. कुठेच उघडत नसेल तर डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, हू-इज नोंद बघा. तो पत्ता कोणी घेतला आणि सध्या कोणत्या स्थितीत आहे, हे या सार्वजनिक नोंदीत दिसतं. तिथे 'क्लायंट होल्ड' किंवा 'सर्व्हर होल्ड' दिसलं तर डोमेनच रोखलेलं आहे. साइट उघडते पण एखादंच पान गायब, तर होस्टिंग कंपनीला, म्हणजे जिच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे तिला, विचारा. प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा.

व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या देशातून उघडल्यासारखं दाखवणारी सोय, लावून दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्हाला दिसते, वाचकाला नाही.

प्रत्येक ब्लॉक कॉपीराइटचाच असतो असंही नाही. आयटी कायद्याच्या ६९-अ कलमाखाली केंद्र सरकार साइट अडवतं त्याची कारणं देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी आहेत. कॉपीराइट त्यात बसत नाही. कॉपीराइटपायी अख्खी साइट अडवली गेली असेल तर त्यामागे बहुतेक वेळा न्यायालयाचा आदेश असतो. म्हणून मंत्रालयाला अर्ज लिहीत बसण्याआधी तो आदेश शोधा.

आदेश स्वतःच्या नावानं शोधणं

तो तुमच्या नावावर सापडणार नाही. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच निर्माते अनोळखी प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम घेतात. अशा अनोळखी प्रतिवादीला परदेशात 'जॉन डो' म्हणतात, आपल्या न्यायालयांत 'अशोक कुमार'. त्या आठवड्यात कोणते मोठे चित्रपट येत होते ते आठवा, निर्मिती संस्थेच्या नावानं दिल्ली, मद्रास आणि मुंबई उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर शोधा. आदेश तिथे मोफत उतरवून घेता येतात.

ब्लॉक केलेल्या पानावरचा मजकूर नीट वाचा, पण त्याला कायदा समजू नका. २०१६ साली अशा पानांवर नुसतं पाहणं हासुद्धा तुरुंगवासाचा गुन्हा असल्याची धमकी झळकत होती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती चूक दाखवून दिली: परवानगीविना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा, नुसतं पाहणं नव्हे. पानावर संपर्काचा पत्ता असावा आणि बाधित माणसाला ४८ तासांत खटल्याचा तपशील मिळावा, हेही त्या प्रकरणात आलं. तुमच्या साइटच्या जागी कोरं पान किंवा दोन ओळींचा मजकूर दिसत असेल, तर हाच दाखला देऊन इंटरनेट कंपनीकडे आदेशाचा क्रमांक लेखी मागा.

घाईनं नवीन डोमेन घेणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं टोरेंट साइटांविरुद्धच्या, म्हणजे चित्रपटांच्या फायली लोकांना एकमेकांकडून उतरवून घेऊ देणाऱ्या साइटांविरुद्धच्या, एका खटल्यात 'डायनॅमिक' मनाई हुकूम दिला. बंद केलेली साइट वेगळ्या पत्त्यावर पुन्हा उभी राहिली, तर नवा खटला न भरता तो पत्ता यादीत घालता येतो. मुळात हे ठीकच आहे. चोरीचा धंदा करणारे रोज एक अक्षर बदलून परत येतात. पण निर्दोष माणूस तेच करतो तेव्हा कागदावर तो त्यांच्यासारखाच दिसतो. साइट 'रोग' (इंग्रजी rogue) म्हणजे मुद्दाम चोरीसाठीच चालवलेली आहे का, हे ठरवताना न्यायालयानं जे निकष सांगितले, त्यांत मालकाचा पत्ता लपवलेला आहे का आणि नोटीस मिळाल्यावर तो गप्प बसला का, हेही आहेत. आता बघा: आपल्यातले कितीतरी जण डोमेन घेताना नाव झाकतात, संपर्काचा ईमेल उघडत नाहीत, आणि ब्लॉक झाल्यावर पत्ता बदलतात. आत सगळा मजकूर स्वतःचा असला तरी खुणा सगळ्या चोराच्या.

म्हणून साइटवर खरं नाव आणि चालू ईमेल ठेवा. आलेल्या नोटिशीला त्याच आठवड्यात उत्तर द्या. आदेशात तुमचा पत्ता चुकून आला असेल तर प्रथम फिर्यादीच्या वकिलांना पुराव्यानिशी लिहा. बऱ्याचदा ते स्वतःच नाव वगळायला तयार होतात. नाहीच ऐकलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ४ खाली मनाई हुकूम बदलण्याचा किंवा उठवण्याचा अर्ज करता येतो. खटला चेन्नईत आणि तुम्ही सांगलीत, हा जाच खरा आहे. त्या शहरातला वकील ऑनलाइन सुनावणीला उभा राहू शकतो का, ते विचारा.

चुकून नाव येणं दुर्मीळ नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयातून मिळालेल्या आदेशांच्या यादीत २,६०० हून अधिक साइट होत्या. त्यांत इंटरनेट आर्काइव्ह होतं! लाखो जुनी पुस्तकं ठेवणारं ते ग्रंथालय भारतात काही दिवस बंद राहिलं. एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक रूपातली सुरक्षित जोडणी, वापरणाऱ्या साइटवर वाचक नेमकं कोणतं पान उघडतो, हे इंटरनेट कंपनीला दिसत नाही, फक्त डोमेन कळतं. म्हणून एका पानाची तक्रार असली तरी कंपनी अख्खं दार लावते.

२१ दिवस मोजायला विसरणं

होस्टिंग कंपनीनं पान काढलं असेल तर कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ वाचा. लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो. पण तक्रारदारानं २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर कंपनी तो पुन्हा खुला करू शकते. 'करू शकते', आपोआप होत नाही. बाविसाव्या दिवशी तुम्हीच लिहून मागा. तक्रारीची प्रतही मागा: मालकी कशावरून आणि हा वापर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ च्या सवलतीत, म्हणजे समीक्षा, वृत्तांकन वगैरेंत का बसत नाही, हे तक्रारदारानं त्यात लिहायचं असतं.

अमेरिकी प्लॅटफॉर्मवर तिथल्या कायद्याप्रमाणे प्रतिनोटीस, म्हणजे मजकूर चुकीनं काढला असं सांगणारं उत्तर, द्यावी लागते. तिच्यातलं तुमचं नाव आणि पत्ता तक्रारदाराकडे जातो, आणि खोटं लिहिलं तर शिक्षा आहे. खात्री असेल तेव्हाच द्या.

'जुनं आहे, म्हणजे मोकळं आहे'

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. पुस्तक १९३० चं, पण लेखक १९७० ला वारले, तर हक्क २०३० अखेरपर्यंत वारसांकडे. अभंगाचे शब्द सर्वांचे, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रसिद्धीपासून ६० वर्षं. तुकोबांची रचना म्हणून कॅसेटवरून घेतलेलं गाणं चढवलं, तर कॅसेट कंपनीची तक्रार बरोबर असते. तिथे वाद न घालता ते काढा. वारसांची परवानगी मिळाली असेल तर ती नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर ठेवू नका. चार ओळी कागदावर, सही आणि तारीख घालून घ्या, आणि त्याची प्रत साइटच्या बॅकअपबरोबर ठेवा.