केळीच्या बागेतून संख्याशास्त्राकडे

दहावीच्या बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी हे धडे येतात. मुलं सूत्रं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण आकडे येतात कुठून हे कुणी दाखवत नाही. संख्याशास्त्राचं खरं काम तिथूनच सुरू होतं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या शाळेला त्यासाठी निसवायला लागलेली, म्हणजे घड बाहेर पडू लागलेली केळीची बाग पुरेशी आहे.

प्रश्न एकच ठेवा: या बागेत घडाला सरासरी किती फण्या (केळ्यांचे झुपके) आहेत? समजा, 40 ओळी आणि प्रत्येक ओळीत 50 झाडं. एका डब्यात 1 ते 40, दुसऱ्यात 1 ते 50 अशा चिठ्ठ्या टाका. दोन्हींतून एकेक काढा. 17 आणि 32 निघाले तर सतराव्या ओळीतलं बत्तिसावं झाड. चिठ्ठ्या परत डब्यात टाका, नाहीतर त्या ओळीतलं दुसरं झाड निवडलं जाण्याची शक्यताच संपते. अशी 20 झाडं निवडा. तीच जोडी पुन्हा आली तर नवी काढा.

खरी गफलत शेतात होते. मुलं बांधालगतची, हाताशी येणारी झाडं मोजतात. कडेच्या झाडांना ऊन-वारा वेगळा मिळतो, म्हणून ती साऱ्या बागेचं चित्र देत नाहीत. चिठ्ठीच्या जागी नांगी (झाड मेल्याने रिकामी राहिलेली जागा) निघाली तर शेजारचं झाड धरू नका, दोन्ही चिठ्ठ्या नव्याने काढा. नांगीशेजारच्या झाडाला जागा जास्त मिळालेली असते, शिवाय त्याची निवड होण्याची संधीही वाढते. झाड निसवलेलं नसेल तर ‘निसवलं नाही’ असंच लिहा, शून्य नको. मग सरासरी फक्त निसवलेल्या झाडांची आहे हे वहीत स्पष्ट नोंदवा. खालच्या फण्या आधीच कापल्यात का, हे मालकाला विचारून घ्या. कापल्या असतील तर सगळे आकडे सारखेच दिसतील.

आता हिशेब. सात घडांच्या फण्या 8, 9, 9, 10, 10, 11, 13 असतील तर मध्य (म्हणजे सरासरी) 10, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) ही 10. घाईत 13 चे 31 लिहिले की मध्य 12.57 वर जातो, मध्यक 10 च राहतो. हे मुलांना स्वतःच्या हाताने करू द्या. नोंद एकाने लिहावी, दुसऱ्याने मोठ्याने वाचावी.

दोन गटांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या काढायला लावा. उत्तरं जुळणार नाहीत, आणि त्यात कुणाचीच चूक नसते. हा चढउतार निम्म्यावर आणायचा तर 20 ऐवजी साधारण 80 झाडं लागतात. आमच्या मते संपूर्ण उपक्रमात शिकवण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

ज्यांना गोडी लागेल त्यांनी अकरावीत गणित सोडू नये. कॉमर्सवाल्यांनीही गणित व संख्याशास्त्र घ्यावं. पुढे बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, आणि एमएस्सीची सोय जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी 1931 मध्ये कोलकात्यात उभारलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा बारावीला गणित असलेल्यांना देता येते. तिथे पाठांतर चालत नाही, युक्तिवाद मांडून दाखवावा लागतो. विमा क्षेत्रातल्या ॲक्चुअरीच्या (जोखमीचा हिशेब मांडणाऱ्याच्या) कामाची प्रवेश परीक्षाही बारावीनंतर देता येते. पदवीत संख्याशास्त्र विषय असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा खुली होते. औषधांच्या चाचण्या, बँका आणि जिल्हा सांख्यिकी कार्यालयातही हे काम असतं. संगणकावर सराव सुरू करायला ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पहिली फाइल म्हणून बागेतलीच नोंदवही भरा, फाइलच्या एका ओळीत एकच झाड.