स्टीव्ह टिकोलोची कारकीर्द कागदावर कशी मांडावी

गावातील क्रिकेट स्पर्धेच्या स्मरणिकेसाठी एखाद्या परदेशी फलंदाजावर दोन पाने लिहायची झाली, की लिहिणाऱ्याचे बोट सर्वांत आधी त्याच्या सरासरीवर जाऊन थांबते. केनियाच्या स्टीव्ह टिकोलोवर लिहिताना मीही तेच केले होते. एकदिवसीय सामन्यांत तीन हजारांहून अधिक धावा, सरासरी सुमारे २९, तीन शतके, शिवाय ऑफस्पिनवर नव्वदहून अधिक बळी, एवढे लिहून मी मोकळा झालो. आमच्या वाडीच्या स्पर्धांचा स्कोअर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या अण्णांनी तो मजकूर चष्मा पुसून दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, "तो मारत होता तेव्हा बाकीचे काय करत होते रे?" माझा मजकूर त्या प्रश्नापुढे टिकला नाही. छोट्या क्रिकेट देशातील भरवशाच्या खेळाडूवर लिहायचे असेल, तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी.

त्यासाठी पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखावेत: सामना कोठे झाला, संघाच्या एकूण धावा किती, त्यांपैकी आपल्या खेळाडूच्या किती आणि त्यांचा वाटा किती. मग धावफलकावरून एकेक ओळ भरत जावी. १९९६ च्या विश्वचषकात केनियाचा पहिलाच एकदिवसीय सामना कटकला भारताशी झाला. त्या दिवशी सचिन तेंडुलकरच्या नाबाद १२७ धावांपुढे टिकोलोच्या ६५ धावा कोणाच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. पण केनियाच्या १९९ धावांत त्या जवळजवळ एक तृतीयांश होत्या. पुढे कँडीला श्रीलंकेने ३९८ धावांचा डोंगर उभा केला, तेव्हा सामना मध्यंतरालाच संपल्यासारखा होता. तरीही टिकोलोने ९६ धावा केल्या आणि केनिया २५४ पर्यंत पोहोचला. वाटा सुमारे ३८ टक्के भरतो. भातकापणीनंतरच्या मळ्यात धसकटांवर अडणाऱ्या चेंडूने सहा षटकांत ४० धावा झाल्या आणि त्यांतील २२ एकाच्याच असल्या, तर त्या खेळीचे मोल आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हीच नजर धावफलकाकडे पाहताना ठेवायची आहे.

मात्र वाट्याचा हिशेब सगळीकडे सारखाच लावू नये. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्यात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले, त्या सामन्यात टिकोलोच्या धावा अवघ्या २९ होत्या. पण केनियाच्या १६६ धावांत सर्वांत मोठा आकडा अवांतर धावांचा होता आणि फलंदाजांमध्ये टिकोलोच पुढे होता. अशा ठिकाणी टक्केवारी बाजूला ठेवून सामन्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगावी, आणि विजयाचे श्रेय १५ धावांत तीन बळी घेणाऱ्या कर्णधार मॉरिस ओदुंबेला द्यावे. आपल्या नायकाला प्रत्येक विजयाचा शिल्पकार ठरवण्याचा मोह स्मरणिकांत फार दिसतो.

दुसरे काम तारखांचे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. तेंडुलकर ४६३ एकदिवसीय सामने खेळला. टिकोलोच्या वाट्याला १९९६ ते २०११ या पंधरा वर्षांत सुमारे १३० आले. केनियाला कसोटी दर्जा कधीच मिळाला नाही आणि बलाढ्य संघांशी गाठ पडे ती बहुधा मोठ्या स्पर्धांतच. आठवड्याला सामना खेळणाऱ्याची आणि महिनोन्महिने वाट पाहून एकदम जगातील उत्तम गोलंदाजांसमोर उभे राहणाऱ्याची सरासरी शेजारी शेजारी छापली, तर वाचक चुकीचा निष्कर्ष काढणारच. म्हणून सरासरी द्यावी, पण सामन्यांची संख्या आणि वर्षे त्याच वाक्यात द्यावीत.

२००३ च्या विश्वचषकावर एक पूर्ण परिच्छेद खर्च करण्यास हरकत नाही. टिकोलो कर्णधार होता आणि प्रशिक्षक होते आपले संदीप पाटील. हा धागा मराठी वाचकाला लगेच जवळचा वाटतो. सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंडचा संघ नैरोबीला आला नाही आणि ते गुण केनियाला मिळाले, हे लपवू नये. त्याचबरोबर नैरोबीतच कॉलिन्स ओबुयाने २४ धावांत पाच बळी घेऊन श्रीलंकेला नमवले, हेही त्याच दमात सांगावे. डर्बनच्या उपांत्य सामन्यात भारताच्या २७० धावांचा पाठलाग करताना केनिया १७९ वर आटोपला. त्यांत टिकोलोच्या ५६ होत्या. आपण तो सामना गांगुलीच्या शतकासाठी लक्षात ठेवला, तो आता उलट्या बाजूने लिहावा.

त्यानंतरची वर्षे थोडक्यात आटपावीत. खेळाडू आणि मंडळ यांच्यातील वाद, ओदुंबेवर आलेली पाच वर्षांची बंदी आणि संघाची घसरण यांना चार ओळी पुरतात. फक्त या काळातही टिकोलो २०११ च्या विश्वचषकापर्यंत खेळत राहिला, ही नोंद वगळू नये.

मजकूर छापखान्यात देण्यापूर्वी स्वतः स्कोअर लिहिणाऱ्या एखाद्या जाणत्याला तो दाखवावा आणि चार रकान्यांचा कागदही सोबत द्यावा. अण्णांनी माझा दुसरा खर्डा परत करताना कँडीच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, "हे वर घे."