घरातल्या थोरांच्या आठवणी कशा टिपाव्यात

पंखा आणि टीव्ही बंद, फोनवर रेकॉर्डिंग सुरू, वेळ सकाळची. एवढी तयारी पुरे.

'बालपणापासून क्रमाने सांगा' हा सल्ला निकामी आहे. तिसऱ्या वर्षाआधीचं सहसा कुणालाच आठवत नाही. ते घरच्यांकडून ऐकलेलं असतं. उतारवयात सगळ्यात दाट आठवतं ते साधारण दहा ते तीस वयातलं: शाळा, पहिली नोकरी, लग्न, बिऱ्हाड. तिथून सुरुवात करा.

आता प्रश्न विचारणं. इथे मी माती खाल्ली आहे. आमची आत्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली, जन्म 1937 चा. म्हणाली, "महाराजांची स्वारी पाहिली होती मी." मी लगेच, "सयाजीराव महाराज ना? हत्तीवर होते?" "हो, हत्तीवर." महिन्याभराने नातवंडांना सांगताना त्या हत्तीवर जरीची झूल आली होती आणि सयाजीराव तिच्याकडे बघून हसलेही होते. सयाजीराव गेले फेब्रुवारी 1939 मध्ये! तिने पाहिले असलेच तर त्यांच्यानंतर गादीवर आलेले नातू प्रतापसिंहराव. म्हणजे नाव माझं, हत्तीही माझाच.

आत्या खोटं बोलत नव्हती. आठवण कपाटातून काढून दाखवता येत नाही, ती दर वेळी नव्याने जुळवावी लागते आणि जुळवताना हाताशी असेल ते आत जातं. त्यातून वय झालं की गोष्ट राहते, पण ती पाहिली की ऐकली हे आधी पुसट होतं. तरुणही यातून सुटत नाहीत. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. वेग विचारताना जोराच्या टकरीचा शब्द वापरला, त्या 50 पैकी 16 जणांना आठवड्याने फुटलेल्या काचा आठवल्या. साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांना. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

तेव्हा प्रश्नात नाव, रंग, जनावर काही घालायचं नाही. "मग?", "तू कुठे उभी होतीस?" बस्स. नाव अडलं तर पुरवू नका, गप्प बसा. या वयात नावं उशिरा येतात, कधी संध्याकाळी भाजी निवडताना येतात. मदतीला धावणारी सूनबाई असेल तर तिला प्रेमाने बाहेर पाठवा.

जुने फोटो शेवटी. सालासाठी "विलीनीकरणाआधी की नंतर?" विचारा; बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तो 1 मे 1949 बडोद्याच्या जुन्या माणसांना पक्का खुंटा वाटतो.

फाइलवर तारीख आणि विचारणाऱ्याचं नाव लिहा. आत्याच्या फाइलवर मी लिहिलंय: 'हत्ती भाच्याचा.'