पृथ्वी गोल आहे हे पटवताना होणारे घोळ: या चुका टाळा

आमचे मामा पृथ्वी सपाट मानणाऱ्यांपैकी. मागच्या ऑक्टोबरात मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर त्यांनी मला चारचौघांत गप्प केलं. दूर जाणारी बोट खालून दिसेनाशी होते, म्हणजे पृथ्वी गोल, असं मी शाळामास्तरांच्या थाटात सांगत होतो. पार ठिपका झालेली एक बोट दाखवून म्हणालो, ‘ती बघा, गेली क्षितिजाखाली.’ मामांनी झूमवाला कॅमेरा काढला आणि तीच बोट तळापासून टोकापर्यंत स्क्रीनवर आणून ठेवली. ‘कुठे गेली रे? इथेच तर आहे.’

मामांचा निष्कर्ष चुकीचा, पण कॅमेरा खरं बोलत होता. घोळ मी घातला होता. बोट क्षितिजाखाली गेलीच नव्हती, ती फक्त नुसत्या डोळ्याला लहान दिसत होती. अशी बोट झूमने परत येणारच. दाखवायची ती पलीकडची बोट: वरचे कंटेनर, केबिन दिसतेय, पण खालचा सांगाडा पाण्यात बुडाल्यासारखा गायब. तिथे कितीही झूम करा, केबिन मोठी होते, सांगाडा येत नाही. ठिपका दाखवून वाद घालू नका.

डोळा पाण्यापासून किती वर?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, दोन्ही बाजूंचा. हिशोब सोपा आहे. पाण्यापासून डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 3.57 ने गुणा. क्षितिज तितके किलोमीटर दूर. जुहूच्या वाळूत पाण्याच्या कडेला उभं राहिलात, डोळा 1.6 मीटरवर, तर क्षितिज साडेचार किलोमीटरवर. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण 30 मीटरवरून, ते साडेएकोणीस किलोमीटरवर जातं.

सपाटवाल्यांचा लाडका नियम म्हणजे ‘मैलांचा वर्ग गुणिले आठ इंच’. त्याप्रमाणे 12 किलोमीटरवरच्या बोटीचा खालचा 11 मीटर भाग लपायला हवा. मग कुणीतरी दहाव्या मजल्यावरून अख्ख्या बोटीचा फोटो काढतं आणि म्हणतं, झालं सिद्ध! पण त्या नियमात बघणाऱ्याचा डोळा पाण्याच्या पातळीवर धरलाय. वाळूत उभं राहून बघितलं तर लपतात साडेचार मीटरसुद्धा नाहीत. दहाव्या मजल्यावरून काहीच लपत नाही, कारण बोट क्षितिजाच्या अलीकडे आहे.

आणि मुंबईत भरती-ओहोटी विसरून चालणार नाही. कट्ट्यावरून डोळा भरतीला पाण्यापासून 4 मीटर वर असेल, तर मोठ्या ओहोटीला तोच 8 मीटर वर असू शकतो. क्षितिज सात किलोमीटरवरून दहावर सरकलं! सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो शेजारी ठेवून भांडण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा.

एक काका हमखास म्हणतात, ‘मी इथून बॉम्बे हाय बघितलंय.’ ते समुद्रातलं तेलक्षेत्र सुमारे 160 किलोमीटरवर आहे. वाळूतून बघणाऱ्याला तिथलं दीड किलोमीटर उंचीपर्यंतचं काहीच दिसत नाही. काकांनी जवळ उभी असलेली एखादी रिग बघितली असणार.

हवाही फसवते. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडला की प्रकाश वाकतो, लांबची बोट उचललेली किंवा चपटी दिसते. एका दिवसाच्या निरीक्षणावर पैज लावू नका.

आपल्या बाजूची लबाडी

कठड्यावरून काढलेला वाकड्या क्षितिजाचा फोटो पुरावा म्हणून फॉरवर्ड करू नका. तो बाक वाइड लेन्सचा असतो. क्षितिज फ्रेमच्या खालच्या भागात आणलं तर उलटा बाकही दिसतो. या उंचीवरून क्षितिज सरळच दिसायला हवं. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये हेच सांगितलं: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ भासतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस इवलासा, म्हणून ती त्याला सपाट दिसते. मामांना नासाचा फोटो चालत नाही, भास्कराचार्य चालतात. आपण का सोडायचे?

स्वतः करण्यासारखा प्रयोग हवा असेल तर सूर्यास्ताचा करा. स्वच्छ संध्याकाळी एकाने वरळीला रस्त्यावर थांबायचं, दुसऱ्याने चाळिसाव्या मजल्यावर, फोन चालू ठेवून. खाली सूर्य बुडाल्यावर वरच्याला तो सव्वा मिनिटाच्या आसपास अजून दिसतो. दुबईत 2011 मध्ये बुर्ज खलिफातल्या रहिवाशांना सांगण्यात आलं होतं की ऐंशीव्या मजल्याच्या वर राहत असाल तर रोजा दोन मिनिटं उशिरा सोडा, दीडशेच्या वर तीन मिनिटं. ध्रुवताराही चालेल: मुंबईत तो क्षितिजापासून 19 अंशांवर, श्रीनगरला 34 वर.

मग विषय बर्म्युडावर जातोच

बर्म्युडा त्रिकोण म्हणजे अटलांटिकमधला तो भाग, जिथे बोटी गूढरीत्या गायब होतात असं म्हणतात. इथली चूक वेगळी. आपण लगेच कारणं शोधायला लागतो: मिथेनचे बुडबुडे, राक्षसी लाटा. अरे, पण स्पष्टीकरण द्यावं असं काही घडलंय का, हे आधी बघा. ॲरिझोनातल्या लॅरी कुशे या ग्रंथपालाने 1975 मध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी चाळल्या. ‘शांत समुद्रात’ गायब झालेल्या बोटी वादळात सापडलेल्या निघाल्या, काही तर भलत्याच समुद्रात बुडालेल्या. या यादीत हटकून येणारी मेरी सेलेस्ट ही बोट 1872 मध्ये माणसांविना सापडली ती अझोर्स आणि पोर्तुगालच्या मधे, बर्म्युडाच्या पार दुसऱ्या बाजूला. ‘बर्म्युडा त्रिकोण’ हे नावसुद्धा 1964 मधल्या एका मासिकातल्या लेखातून आलं.

आपल्याकडचं नवं फॉरवर्ड म्हणजे ‘हिंदी महासागरातलं भोक’. भोकबिक नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण जरा कमी आहे, म्हणून समुद्राची पातळी 106 मीटरपर्यंत खाली आहे. हा उतार इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरलाय की त्यावरून जाणाऱ्या बोटीला पत्ता लागत नाही.

मामांचं हुकमी पान सायक्लॉप्स. अमेरिकन नौदलाचं हे जहाज मार्च 1918 मध्ये 306 माणसांसह नाहीसं झालं, सांगाडा आजवर सापडलेला नाही. मी म्हटलं, मामा, त्यात मँगनीजचं खनिज ठासून भरलं होतं, आणि एक इंजिन बंद होतं. मामांनी मान हलवली. ‘तेवढ्याने अख्खं जहाज जातं होय?’

मामांचं आजोळ रेवसचं. म्हणून विचारलं, आणि रामदास? भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी, बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

‘त्यात कसलं गूढ?’ मामा म्हणाले. ‘पावसाचे दिवस, बोट खच्चून भरलेली, मोठी लाट आली, कलंडली.’

‘मग सायक्लॉप्स?’

मामा बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. ‘ते अमेरिकेचं आहे रे.’