‘द फॅमिश्ड रोड’ कशी वाचावी? शंभराव्या पानावर थांबलेल्यांसाठी

बेन ओक्री यांच्या ‘द फॅमिश्ड रोड’ला १९९१ साली बुकर मिळालं. पाचशेच्या घरातली पानं, वाक्यं आखूड, इंग्रजी साधं, शब्दकोश फारसा काढावा लागत नाही. तरीही शंभरेक पानांनंतर ही कादंबरी खाली ठेवलेले वाचक मला बरेच भेटले. पहिल्या खेपेला मीही ठेवली होती. पोरगा घरातून निघतो, भटकतो, जंगलात नाही नाही ते बघतो, घरी येऊन मार खातो आणि पुन्हा निघतो. गोष्ट जागची हलतच नाही असं वाटायचं. काही वर्षांनी पुन्हा हातात घेतली ती वेगळ्या पद्धतीने, आणि तेव्हापासून माझ्या फार जवळची झाली. ती पद्धत इथे सांगतो.

सुरुवात ‘अबिकू’पासून करा. नायजेरियातल्या योरुबा भाषेतला हा शब्द, अर्थ ‘मरायलाच जन्मलेलं’. जन्माला येऊन लहानपणीच जाणारं आणि फिरून त्याच आईच्या पोटी येणारं मूल म्हणजे अबिकू. इग्बो लोक त्याला ओग्बांजे म्हणतात. अशा मुलाला थांबवण्यासाठी आईबाप नावातच गयावया करतात: मालोमो, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’. दुरोजाये, म्हणजे ‘थांब, जगून बघ’. आपल्याकडे मुलं वाचत नसत त्या घरांत पुढच्या लेकराला धोंडू, दगडू, केरू म्हणत, ते कशासाठी हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. आपल्या घराण्यातला असा एखादा धोंडू आठवून पुस्तक उघडा. मग अबिकू ही लांबच्या देशातली चमत्कारिक कल्पना उरत नाही, ते घरातलं दुःख होतं.

कादंबरी सांगणारा आझारो हा अबिकू आहे. त्याचं नाव मुळात लाझारो, बायबलमधल्या मेलेल्यातून उठलेल्या लाझरसवरून ठेवलेलं. या जन्मी मात्र त्याने राहायचं ठरवलंय. तो कारणं बरीच सांगतो, पण मला पटतं ते एकच: जी बाई आपली आई होणार आहे, तिच्या पिचलेल्या चेहऱ्यावर त्याला सुख बघायचंय. कथानक शोधत असाल तर ते हेच. पलीकडच्या, आत्म्यांच्या जगातले सवंगडी त्याला परत बोलावतात आणि पोरगा इथे राहू पाहतो. ही ओढाताण डोक्यात ठेवलीत की त्याची प्रत्येक भटकंती निराळी दिसायला लागते, कारण दर वेळी तो घराकडे वळेल की नाही हा प्रश्न खरा असतो.

त्यानंतर एक सवय सोडायची. ‘हे खरंच घडलं की त्याला भास झाला?’ असं विचारत बसू नका. आझारोला बाजारातली माणसं आणि त्यांच्यात मिसळलेले आत्मे एकाच नजरेत दिसतात, आणि ओक्री दोघांचं वर्णन एकाच आवाजात करतात. वाक्यावाक्याला निवाडा करत बसलात तर लय तुटते. या पुस्तकात लय तुटली की काहीच हाती लागत नाही. म्हणून एका बैठकीला एकदोनच प्रकरणं घ्या आणि जिथे अडाल ते पान मोठ्याने वाचा. यामागे तोंडी गोष्टींची परंपरा आहे. नायजेरियाचेच लेखक अमोस टुटुओला यांची १९५२ची कादंबरी ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ त्याच वाटेवरची. आझारोचा बाप त्याला रस्त्याच्या राजाची गोष्ट सांगतो. कितीही खाल्लं तरी भूक न भागणारा राजा. ती गोष्ट तर उच्चारूनच वाचावी, कानाला ती लगेच कळते.

आता एक जागा निवडा आणि तिच्यावर लक्ष ठेवा. मी मादाम कोटोचा बार निवडला. वहीचं एक पान त्यासाठी राखलं आणि आझारो तिथे गेला की काय बदललंय ते लिहीत गेलो. आधी ताडी, झणझणीत मिरचीचं सूप आणि मडक्याशेजारी बसलेला हा पोरगा, कारण त्याच्या पायगुणाने गिऱ्हाईक येईल असं मादामला वाटतं. हळूहळू राजकारणी यायला लागतात. मग वीज येते, मोटार येते. बाई फुगत जाते, वस्ती तिला घाबरायला लागते. माझं ते पान भरलं तेव्हा ध्यानात आलं की न हलणारी वाटलेली गोष्ट इथे भराभर पुढे जात होती. सत्ता वस्तीत कशी शिरते ते ओक्रींनी एका बारच्या भिंतींवर दाखवलंय.

पुस्तकात तारखा नाहीत, शहराला नाव नाही. काळ मात्र ओळखू येतो: इंग्रज जाणार आहेत, निवडणुका तोंडावर आहेत. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. १९६६मध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९६७ ते १९७० यादवी युद्ध झालं. १९७९ला पुन्हा लोकांचं सरकार आलं, ते १९८३अखेर लष्करानेच घालवलं. पुस्तक निघालं तेव्हाही तिथे लष्करी राजवट होती. एवढं माहीत असलं की शेवटाकडे देशालाच अबिकू म्हटलंय ते अंगावर येतं. जन्मायचं, मरायचं, पुन्हा जन्मायचं.

दुधाच्या प्रसंगाशी मात्र थांबा, तो दोनदा वाचा. श्रीमंतांचा पक्ष, त्याचं नावच तसं आहे, गाडीतून कर्णे लावून वस्तीत येतो आणि फुकट दूधपावडर वाटतो. लोक तुटून पडतात. ज्यांनी ते दूध पोटात घातलं ते ओकून ओकून आडवे होतात. वस्तीतला फोटोग्राफर हे सगळं टिपतो, फोटो वर्तमानपत्रात छापून येतात, आणि मग त्याला गुंडांपासून लपत रात्री-अपरात्री आझारोच्या खोलीत आसरा घ्यावा लागतो. या प्रकरणात भुताखेतांची गरजच पडत नाही, आणि तरी सगळ्यात भयंकर तेच वाटतं. पहिल्या वाचनात मी ते भरकन उलटून पुढे गेलो होतो, याची मला आजही खंत आहे.

बापाचं मुष्टियुद्ध, मेलेल्या मुष्टियोद्ध्याशी त्याची झुंज, हे जोरकस असल्यामुळे आपोआप लक्षात राहतं. पण त्याच बापाला मिठाच्या गोण्यांखाली लडखडताना आझारो बघतो, ते पान निसटू देऊ नका. आईकडे तर मुद्दाम बघावं लागतं. तिची बडबड नाही, तिला झुंज नाही. ती बाजारात किरकोळ माल विकते. पक्षाला मत द्यायचं कबूल करत नाही म्हणून गुंड तिथे तिला छळतात, आणि मग ती तोच माल घेऊन दारोदार फिरते. ती पानावर आली की पेन्सिलीने समासात छोटी खूण करा. पुस्तक संपल्यावर फक्त त्या खुणांवरून एकदा मागे जा. आझारो का राहिला, ते तिथे सापडतं.